द्विशिक्षकी शाळा, मैदान नाही, चार महिने पाऊस : पहिली ते पाचवीला आरोग्य आणि आहार शिकवायचा कसा?

प्रश्न आधी सगळ्यांसाठी थोडक्यात सांगतो. राजापूर तालुक्यातली जिल्हा परिषदेची पहिली ते पाचवीची द्विशिक्षकी शाळा, पट २२. शाळा उतारावर, समोर जेमतेम अंगण, जूनपासून तेही चिखलात. मुलं सकाळी चहा-बटर खाऊन येतात, मधल्या सुट्टीत पाच रुपयांचं पाकीट फोडतात आणि पोषण आहारातली भाजी ताटाच्या कडेला सारतात. वेळापत्रकात ‘आरोग्य व शारीरिक शिक्षण’ आहे, पण पालक म्हणतात, खेळायला काय घरी खेळतात, तुम्ही गणित घ्या. नव्याने रुजू झालेल्या मॅडम विचारताहेत, सुरुवात कुठून करू?

मी रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अशाच शाळांत नोकरी केली, पुढे केंद्रप्रमुख म्हणून बऱ्याच शाळा आतून पाहिल्या. पहिलं सांगणं असं की क्रीडाशिक्षकाची वाट पाहू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात या विषयाला अंशकालीन निदेशक, म्हणजे थोड्या वेळापुरता येणारा शिक्षक, धरलाय खरा, पण तो सहावी ते आठवीला, आणि तिथेही पट शंभराच्या वर असेल तर. २२ पटाच्या शाळेत हा तास तुमचाच आहे.

दुसरं, आहाराचा धडा फळ्यावर घेऊ नका. ‘प्रथिने, कर्बोदके, जीवनसत्त्वे’ तिसरीतलं पोर घडाघडा म्हणतं आणि जेवायला बसलं की शेवग्याची शेंग ताटाबाहेर काढून ठेवतं. आठ वर्षांचं मूल घरचा बाजार करत नाही. त्याच्या हातात असतं ते एवढंच, की समोर आलेलं खायचं का, आणि खिशातल्या पाच रुपयांचं काय करायचं. तिथपर्यंत जे पोचत नाही ते शिकवून उपयोग नाही. आपल्याकडे त्यात आणखी एक अडचण आहे, लाजेची. नाचणीची भाकरी, कुळथाची पिठी, उकड्या तांदळाची पेज हे घरी सगळे खातात, पण शाळेत कुणी नाव काढत नाही. पेज म्हणजे गरिबाघरचं, पाकीट म्हणजे मुंबईचं. गणपतीला नि शिमग्याला चाकरमानी येतात तेव्हा पिशवीतून पाकिटंच निघतात, मग मुलाला दुसरं काय वाटणार? ही लाज गेली नाही तर तक्ते कितीही रंगवा, भिंतच सजेल.

सुरुवात पोषण आहारापासून करा, कारण तो रोज येतो आणि सगळ्यांना सारखा येतो. पाचवीपर्यंतच्या मुलामागे रोज १०० ग्रॅम तांदूळ, २० ग्रॅम डाळ किंवा कडधान्य, ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल असं प्रमाण ठरलेलं आहे. त्यातून ४५० कॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं मिळावीत हा हिशेब. हे आकडे आपल्या नोंदवहीत असतात, मुलांना कधी दिसत नाहीत. ते त्यांच्यासमोर आणा. चौथी-पाचवीतली दोन मुलं आळीपाळीने सकाळी माल मोजायला उभी करा. आज हजर १९. एकोणीस गुणिले वीस, ३८० ग्रॅम मूगडाळ. एकोणीस गुणिले पन्नास, ९५० ग्रॅम भाजी, म्हणजे किलोला थोडी कमी. मुलाने स्वतः काट्यावर दुधी ठेवला, कमी पडला म्हणून गाजर वाढवलं, की ती भाजी त्याची होते. पहिली-दुसरीच्या मुलांना मटार सोलायला, माठ निवडायला बसवा. चुलीजवळ किंवा गॅसजवळ मात्र कुणालाही जाऊ देऊ नका, आणि हे काम रोज त्याच मुलींच्या गळ्यात पडत नाही ना, तेही बघा. मुलगे निवडायला बसले की पालकांत कुजबुज होते. होऊ द्या.

आता पंगत. चव रजिस्टरवर सही करण्यापुरतं चमचाभर चाखून मोकळं होऊ नका. ताट घेऊन मुलांत बसा. ‘सगळं संपव, नाहीतर उठायचं नाही’ हा जुना खाक्या सोडा. त्याने ताट रिकामं होतं, पण भाजीवरचा राग वाढतो. नियम एकच ठेवा: एक घास चाखायचा. नाही आवडला तर बाजूला ठेवायचा, कुणी काही बोलणार नाही. पुन्हा ती भाजी आली की पुन्हा एक घास. मुलाची जीभ एखाद्या नव्या चवीला सरावायला आठ-दहा वेळा लागतात, कधी त्याहून जास्त. आपण तिसऱ्या वेळीच ‘याला कारलं आवडत नाही’ असं जाहीर करून टाकतो आणि ते पोरही मग तेच धरून बसतं. भाजी संपवली म्हणून चॉकलेट, हे तर अजिबात नको. त्यातून मूल एवढंच शिकतं की भाजी ही शिक्षा आणि चॉकलेट हे बक्षीस. वाढदिवसाला वर्गात चॉकलेट वाटण्याऐवजी केळी, शेंगदाण्याचा लाडू किंवा घरच्या झाडाचे चिकू असं पालकांशी ठरवून टाका. पहिल्या दोन-तीन वाढदिवसांना कुरकुर होईल.

स्वयंपाक करणाऱ्या ताई या विषयातल्या तुमच्या खऱ्या सहशिक्षिका. त्यांना मुलांसमोर मान द्या. शेवग्याचा पाला वरणात घाला, अळूला आमसूल लावा, हे त्यांना सांगावं लागत नाही. हे शाळेत चालतं एवढं मात्र सांगावं लागतं. आणि अळूला आमसूल का लावायचं, हे त्यांनाच मुलांना सांगू दे. घसा खाजू नये म्हणून, हे उत्तर मुलं जन्मभर विसरत नाहीत.

नाचणीबद्दल जरा तपशिलात लिहितो, कारण हल्ली तिच्याविषयी वाट्टेल ते सांगितलं जातं. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, तेवढ्याच दुधात १२० च्या आसपास. मध्यम भाकरीला पन्नासेक ग्रॅम पीठ लागतं असं धरलं तर एका भाकरीतून पावणेदोनशे मिलिग्रॅम. सात ते नऊ वर्षांच्या मुलाची दिवसाची गरज ६५० धरतात. सगळंच कॅल्शियम अंगी लागत नाही. मोड आणून सत्त्व केलं किंवा आंबवून आंबील केली तर जास्त लागतं. ज्या घरात दूध फक्त चहापुरतं येतं तिथे हा मोठा आधार आहे. पण ‘नाचणीने रक्त वाढतं’ हे मुलांना ठोकून सांगू नका. लोहासाठी तिच्यावर विसंबता येत नाही. त्यासाठी कडधान्यं, पालेभाज्या, खाणाऱ्या घरांत मासळी, आणि सोबत काहीतरी आंबट: लिंबू, आवळा. ‘क’ जीवनसत्त्वामुळे भाजी-डाळीतलं लोह अंगी लागतं. जेवणासोबत चहा घेतला तर उलट होतं. आपल्याकडची मुलं चहात चपाती बुडवून खातात. चहा बंद करा म्हटलं तर कुणी ऐकणार नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचं अंतर ठेवा, एवढं सांगितलं तर ऐकतात.

‘काल काय खाल्लं?’ हा प्रश्न वर्गात उभं करून विचारू नका. ज्याच्या घरी काल फक्त पेज आणि मीठ होतं तो पोरगा ‘पुलाव’ सांगतो आणि आपण त्याला खोटं बोलायला शिकवलेलं असतं. त्याऐवजी ऋतूचा तक्ता करा. कोकणात तो आपोआप भरतो. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांना मासेमारी बंद, हे किनाऱ्यावरच्या प्रत्येक पोराला ठाऊक असतं. मग या दोन महिन्यांत घराघरांत काय शिजतं? सुकट, जवळा, कुळीथ, काळ्या वाटाण्याची उसळ, टाकळा, भारंगी, साठवलेल्या फणसाच्या आठळ्या. भात कापला की वाल, पावटे, मुळा, लाल माठ. मार्च-एप्रिलमध्ये काजूची बोंडं, ज्यांत संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त ‘क’ जीवनसत्त्व असतं आणि जी आपण बी काढून झाडाखाली टाकून देतो. मीठ लावून खा म्हटलं की पोरं हसतात, कारण ती आधीच खात असतात. फक्त शाळेत कुणी त्याला चांगलं म्हटलेलं नसतं. ज्यांच्या घरी मासे शिजत नाहीत त्यांच्यासाठी कुळीथ आहे, शंभर ग्रॅममध्ये वीस-बावीस ग्रॅम प्रथिनं. कुणाचं ताट वरचं, कुणाचं खालचं, अशी तुलना चुकूनही नको. गावात शाकाहार-मांसाहार हा जेवणापुरता विषय राहत नाही, हे तुम्हाला सांगायला नको.

श्रावणात एक दिवस आज्यांना शाळेत बोलवा. त्यांनी आणलेल्या रानभाज्या मुलांनी ओळखायच्या, निवडायच्या, ताईंनी शिजवायच्या. पण ‘उद्या रानातून भाजी आणा’ असा गृहपाठ देऊ नका. सारख्या दिसणाऱ्या पानांत विषारीही असतं, आणि ते ओळखणारी नजर आजीची आहे, तिसरीतल्या पोराची नव्हे.

परसबागेचं थोडक्यात. स्पर्धेपुरते वाफे करू नका. हात धुण्याचं पाणी जिथे जातं तिथे अळू आणि केळ लावा. मे महिन्यात शेवग्याची फांदी पुरा आणि झाड वाढलं की कंबरेएवढं छाटत राहा, म्हणजे पाला मुलांच्या हाताला येतो. पावसात मांडवावर पडवळ आणि चवळी. माकडांचा उपद्रव असेल तर अळू, सुरण, हळद, कढीपत्ता यांवर भर द्या, यांच्या वाटेला ती त्यामानाने कमी जातात. बियाणं दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडून मागवता येतं.

आता पाकीट. ‘हे विष आहे’ असं म्हणू नका, त्याने फक्त गंमत वाढते. पाचवीच्या मुलांना रिकामी पाकिटं आणायला सांगा आणि मागची बारीक अक्षरं वाचायला लावा. आत किती ग्रॅम माल आहे? पाच रुपयांना एवढा, तर किलोचा भाव किती? मग दुकानातल्या शेंगदाण्याचा किलोचा भाव काढा. हे गणित ती घरी जाऊन आईला सांगतात, कारण त्यात भाषण नाही, फसवणूक सापडल्याचा आनंद आहे. थंड पेयाचंही तसंच. बहुतेक गोड थंड पेयांत शंभर मिलीला दहा-अकरा ग्रॅम साखर असते. दोनशे मिलीच्या बाटलीत वीस-बावीस ग्रॅम, म्हणजे चहाचे पाचेक चमचे. रिकाम्या ग्लासात मुलांकडूनच चमचे मोजून साखर घाला आणि तो ग्लास दिवसभर खिडकीत ठेवा. आणि हो, हाच प्रयोग आपल्या कोकम सरबतालाही लावा. बाटलीतलं गोड सिरप कोकणातलं आहे म्हणून साखर कमी होत नाही. मीठ-जिरं घालून केलेलं आगळाचं, म्हणजे कोकमाच्या बिनसाखरेच्या खारट रसाचं, पाणी वेगळं, आणि तो फरक मुलांना कळला पाहिजे. मोदक-करंजीवर मात्र घसरू नका. ‘रोजचं’ आणि ‘सणाचं’ अशा दोनच याद्या करा. त्या मुलांना लगेच समजतात.

शाळेच्या फाटकापासून ५० मीटरच्या आत जास्त चरबी, मीठ, साखरेचे पदार्थ विकू नयेत असा अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा २०२० चा नियम आहे. पण वाडीतलं दुकान तुमच्याच एखाद्या विद्यार्थ्याच्या काकूचं असतं. नियम दाखवून भांडण होईल. तिला शेंगदाणे, चणे, राजगिऱ्याची चिक्की पाच रुपयांच्या पुडीत ठेवायला सांगा आणि ती पुडी खपते आहे ना, याची पहिला महिनाभर विचारपूस करत राहा.

खेळाकडे येतो. जागतिक आरोग्य संघटना पाच ते सतरा वयाला दिवसाला सरासरी ६० मिनिटं दम लागेल अशी हालचाल सांगते, आणि आठवड्यातून तीन दिवस तरी हाडं-स्नायू बळकट करणारी जोराची. ती सलग लागत नाही. पूर्वी वाडीतून शाळेपर्यंतची घाटी चढण्यातच अर्धा हिशेब पुरा व्हायचा. आता बाबा मोटारसायकलवरून सोडतात. परिपाठानंतर पंधरा मिनिटं, दुपारच्या दोन तासिकांच्या मध्ये पाच आणि खेळाचा तास, एवढं शाळेने सांभाळलं तरी पुष्कळ.

या वयात स्पर्धा शिकवायची नसते. धावणं, उडी, तोल, फेकणं, झेलणं शिकवायचं असतं. लंगडी हा मी पाहिलेला सगळ्यात स्वस्त आणि पुरा व्यायाम. फक्त पाय बदलायला लावा, नाहीतर मूल वर्षभर एकाच पायावर नाचतं. फेकणं मात्र खरंच शिकवावं लागतं. चिंध्यांचा चेंडू करा, भिंतीवर खडूने गोल काढा आणि एका मुलीला फेकायला सांगा. ती बहुधा समोर तोंड करून, दोन्ही पाय जुळवून, कोपरातून चेंडू ढकलेल. ‘मुलींना जमत नाही’ असं म्हणून आपण पुढे जातो. तिला कुणी दाखवलेलंच नसतं. तिला आडवं उभं करा. उजव्या हाताने फेकणार असेल तर डावा खांदा भिंतीकडे, डावा पाय पुढे, उजवं कोपर खांद्याच्या रेषेत मागे. मग पाय टाक, कंबर वळव, हात सगळ्यात शेवटी. दहा मिनिटांत चेंडूचा आवाज बदलतो आणि तिचा चेहराही. लगोरीत तिला मग आपोआप आधी निवडतात.

बाद होण्याचे खेळ बदलून घ्या. डोंगर-पाणीत जो पहिला बाद होतो त्यालाच हालचालीची सगळ्यात जास्त गरज असते, आणि तोच उरलेला वेळ कट्ट्यावर बसतो. बाद झालेल्याने पाच उड्या मारायच्या आणि परत आत यायचं. खो-खोला नऊ जण मिळत नसतील तर चार बसवा, मैदान आखूड करा. पहिली आणि पाचवी एकत्र खेळते तेव्हा मोठ्यांना लंगडत पकडायला लावा, सामना बरोबरीचा होतो.

पावसाळ्यात पडवी आणि वर्ग. जाखडी, आपला फेर धरून करायचा नाच, मुलांच्या पायातच असते. गणपतीच्या आधी वाडीवाडीत तालमी चालू असतात. डबा वाजवणारा एक, बाकीचे फेरात. आधी संथ, मग दुप्पट लय. पाच मिनिटांत सगळे घामाघूम. फुगडी, झिम्मा, कोंबडा मुलग्यांनाही खेळू दे. सिंधुदुर्गात असाल तर दशावतारातल्या लढाईच्या चाली घ्या, काठ्या न देता. पावसाळ्यात जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ धरतं. ब्लीचिंग पावडर टाकून घासून घेणं हाही याच विषयाचा भाग समजा. ऑक्टोबरात आणि मार्चनंतर ऊन-घाम दोन्ही असतात, तेव्हा खेळ सकाळीच उरका आणि दर तासाला पाण्याची सुट्टी द्या. मुली तरीही पाणी पीत नसतील तर त्यांना उपदेश करू नका, स्वच्छतागृह बघून या. कडी लागत नसेल, पाणी नसेल, तर त्या दिवसभर तहानलेल्या राहणं पसंत करतात.

मोजमापाबद्दल. उंची-वजन वर्षातून दोनदा, एकेकाला बाजूला घेऊन. आकडा मोठ्याने वाचायचा नाही, भिंतीवर लावायचा नाही. ‘जाड्या’, ‘काडी पैलवान’ हे शब्द शाळेतून हद्दपार, शिक्षकांच्या तोंडूनही. खेलो इंडियाच्या चाचण्यांत लहान वर्गांना एका पायावर तोल सांभाळणं आणि हाताची चपळाई बघणं एवढंच आहे. ५० मीटर, ६०० मीटर चौथीपासून पुढे. मुलाचे जूनचे आकडे त्याच्याच जानेवारीच्या आकड्यांशी ताडून बघा, शेजारच्याशी नको.

१० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टला जंतनाशक दिन असतो. नुसती ४०० मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देऊन थांबू नका. आपल्या ओल्या लाल मातीत अनवाणी चालताना अंकुशकृमीची अळी तळपायाच्या कातडीतून शिरते, आतड्याला चिकटून रक्त पिते आणि मूल वर्गात पेंगतं, हे त्याच दिवशी चित्र काढून सांगा. चपला का, याचं उत्तर मुलांना तेव्हा पटतं. लोहाची आठवड्याची गोळी (पाच ते नऊ वयाला गुलाबी, ४५ मिलिग्रॅम लोहाची) जेवण झाल्यावरच द्या, उपाशीपोटी मळमळतं. शौचाला काळी होते हे पालकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर दुसऱ्या आठवड्यात गोळ्या खिडकीबाहेर जातात.

राहिले ‘गणित घ्या’ म्हणणारे पालक. त्यांच्याशी वाद घालू नका, वह्या दाखवा. डाळीचा गुणाकार, पाकिटाचा किलोभाव, उंचीचा आलेख, सगळं मुलांच्या अक्षरात आहे. शाळा व्यवस्थापन समितीच्या पहिल्या सभेत तीनच गोष्टी मागा: एक चांगला वजनकाटा, उडी मारायच्या दोऱ्या आणि मुलींच्या स्वच्छतागृहाला कडी व पाणी. दोऱ्यांचे पैसे तिथल्या तिथे जमतील. कडीसाठी ठराव लिहून घ्या आणि पुढच्या सभेत पहिला विषय तोच ठेवा.